हिवाळ्यात घरी बदकांची पिल्ले वाढवताना ऊब, पाणी आणि निवारा यांची व्यवस्था कशी असावी?

अंगणवेल (हुडकेश्वर, नागपूर)

नमस्कार. आमच्या घरी गेल्या आठवड्यात बदकांची सहा पिल्ले आली आहेत. आठवडी बाजारातील विक्रेत्याने त्यांचे वय चार-पाच दिवस सांगितले आणि जात विचारल्यावर ‘गावठी’ एवढेच उत्तर दिले. चार पिल्ले पूर्ण पिवळी आहेत, तर दोघांच्या पाठीवर काळपट ठिपके आहेत. आमचे घर तळमजल्यावर असून मागे भिंतीने बंद केलेले छोटे अंगण आहे. पिल्ले मोठी झाल्यावर तेथेच त्यांच्यासाठी खुराडे बांधण्याचा विचार आहे.

सध्या ती मागच्या खोलीत एका मोठ्या खोक्यात आहेत. तळाशी वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या आहेत आणि वरून नऊ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवते. पाणी वाटीत देते, पण सकाळपर्यंत वाटी रिकामी, कागद भिजलेले आणि पिल्लांची पोटे ओली असतात. खायला कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य भिजवून देते. सासूबाईंच्या मते भात आणि पोळीचा कुस्करा पुरेसा आहे. दोन दिवसांपासून एका पिल्लाचे पाय चालताना बाजूला घसरतात आणि ते इतरांच्या मागे राहते. रात्री सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात आणि बराच वेळ ओरडतात.

आता डिसेंबर सुरू झाला असून रात्रीचा गारवा वाढतो आहे. ऊब किती आणि कशी द्यावी, पाणी कशात ठेवावे, आणि पायांचा हा त्रास खाद्यामुळे असेल की जागेमुळे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तलावकाठ (मूळ भंडारा जिल्हा, सध्या नागपूर)

ताई, आमच्या गावाकडे मालगुजारी तलावांच्या काठी बदके पाळण्याची रीत आहे आणि लहानपणापासून मी ती पाहत आलो आहे. आईखाली वाढणारे पिल्लू आणि खोक्यात वाढणारे पिल्लू यांत मोठा फरक असतो, म्हणून आधी तोच सांगतो. आईच्या पिसांतील तेल पिल्लाच्या लवीला लागते, त्यामुळे ते लहान वयातही पाण्यात भिजत नाही, आणि थंडी वाजली की पंखाखाली शिरते. आपल्या पिल्लांना यांतले काहीच उपलब्ध नाही. त्यांच्या शेपटीजवळची तेलग्रंथी अजून पुरेशी काम करत नाही, त्यामुळे पोट ओले झाले की लव चिकटते, अंगातील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि पिल्लू काही तासांत गारठून मरू शकते. आपल्याकडे आज सर्वांत मोठा धोका थंडीपेक्षाही ओलाव्याचा आहे, आणि रात्रीचे ओरडणे त्याचेच लक्षण असावे.

एलईडी दिव्यातून उजेड मिळतो, ऊब जवळपास मिळतच नाही. त्याऐवजी तारेचा जुना पिवळा बल्ब आणावा. सहा पिल्लांच्या खोक्याला चाळीस ते साठ वॅटचा एक बल्ब पुरतो. तो खोक्याच्या मधोमध न टांगता एका टोकाला, तळापासून साधारण दीड फूट उंचीवर ठेवावा, म्हणजे एक बाजू उबदार आणि दुसरी थंड राहील आणि पिल्लांना आपली जागा स्वतः निवडता येईल. बल्ब नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नये; साखळीने किंवा जाड तारेने स्वतंत्र बांधावा, कारण तो सुटून तुसावर पडला तर आग लागते.

पहिल्या आठवड्यात बल्बखालच्या जागेचे तापमान सुमारे ३२ अंश सेल्सियस असावे आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवत जावे, असा सर्वसाधारण नियम आहे. मात्र आकड्यापेक्षा पिल्लांकडे पाहून अधिक अचूक कळते. बल्बखाली गठ्ठा करून मोठ्याने ओरडत असतील तर ऊब कमी आहे. बल्बपासून दूर जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर ती जास्त आहे. खोकाभर पसरून, मध्येच बारीक चिवचिव करत झोपत असतील तर सर्व ठीक आहे. नागपूरच्या डिसेंबरात दुपारी हवा अठ्ठावीस अंशांच्या आसपास जाते आणि पहाटे दहा-बारापर्यंत उतरते, कधी त्याहूनही खाली. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दुपारी बल्ब बंद ठेवता येईल, पण रात्री आणि पहाटे तो बराच काळ लागेल. वीज गेल्यास बाटलीत गरम पाणी भरून ती जाड फडक्यात गुंडाळावी आणि खोक्यात ठेवावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीही ठेवू नये, तिचा विषारी वायू पिल्लांना आणि माणसांनाही घातक असतो.

वर्तमानपत्र आजच काढून टाकावे. कागद गुळगुळीत असतो. त्यावर कोवळे पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि काही दिवसांत ती ठेवण कायमची होते. तळाशी दोन-तीन इंच भाताचे कोरडे तूस किंवा रंध्याचा जाडसर भुसा घालावा. तूस भंडारा-गोंदियाकडून येते आणि नागपुरात सहज मिळते. पोते उघडल्यावर आधी वास घ्यावा. कुबट वास आला किंवा पांढरट बुरशी दिसली तर ते परत करावे, कारण बुरशीची धूळ पिल्लांच्या फुप्फुसांत जाते आणि त्यांना श्वास घेता येत नाही. भिजलेले तणसही याच कारणाने वापरू नये.

आता पाण्याविषयी. बदकाचे पिल्लू खाण्याचा घास घेते, पाण्याकडे धावते, चोच बुडवून हलवते, डोके झटकते आणि पुन्हा खाण्याकडे येते; हे दिवसभर चालते. पाण्याशिवाय खाणे दिले तर भरडा घशात अडकतो, म्हणून खाणे आणि पाणी नेहमी एकाच वेळी समोर असावे. भांडे असे हवे की चोच नाकपुड्यांसकट बुडेल पण अंग आत जाणार नाही. चोच बुडाली नाही तर नाकपुड्या आणि डोळे खाद्याने चिकटतात. सुरुवातीला दोन-तीन इंच खोलीचे पाणी पुरते. कोंबडीच्या पिल्लांचा उलट्या बाटलीचा ड्रिंकर चालतो, किंवा पसरट ताटलीत मधोमध जड दगड ठेवला तरी काम भागते.

मात्र नुसते भांडे बदलून ओल थांबणार नाही, कारण बदक पाणी सांडणारच. त्यासाठी खोक्याच्या थंड टोकाला एक परात ठेवावी, तिच्यावर अर्ध्या इंची छिद्रांची वेल्डमेश जाळी बसवावी, जाळीच्या कडा वळवून बोथट कराव्यात आणि पाण्याचे भांडे त्या जाळीवर ठेवावे. सांडलेले पाणी खाली परातीत जमते आणि तूस कोरडे राहते. परात रोज रिकामी करून ते पाणी झाडांना घालावे. तूस चिमटीत दाबून पाहावे. बोटांना ओल लागली तर तेवढा भाग उचलून नवीन टाकावे.

पशुवैद्यक_निवृत्त (नागपूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. घसरणाऱ्या पिल्लाविषयी आणि खाद्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण पायांच्या तक्रारीची दोन वेगळी कारणे एकसारखी दिसतात.

पहिले कारण गुळगुळीत जमीन. यात पाय बाजूला घसरतात, पण सांधे सुजलेले नसतात. जमीन खरबरीत केल्यावर आणि दोन्ही पायांना नैसर्गिक अंतरावर मऊ पट्टीने सैल बांधून तीन-चार दिवस ठेवल्यावर लहान पिल्लू बहुधा सुधारते. पट्टी घट्ट नको. पावलाचा रंग बदलला तर ती लगेच सोडावी.

दुसरे कारण नायसिनची, म्हणजे ब जीवनसत्त्वांच्या गटातील एका घटकाची कमतरता. बदकाच्या पिल्लाला खाद्याच्या किलोमागे सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. कोंबडीच्या पिल्लाची गरज याहून बरीच कमी असते, त्यामुळे त्यांच्यासाठी केलेले खाद्य बदकांना या एका बाबतीत अपुरे पडू शकते. मक्यातील नायसिन बांधलेल्या स्वरूपात असल्याने ते शरीराला फारसे मिळत नाही. कमतरता झाली की घोट्याजवळचा मोठा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि पिल्लू चालण्याऐवजी बसून सरकू लागते. बदकाचे अंग जड असते आणि वाढ वेगाने होते, म्हणून उशीर केला तर व्यंग राहते. भिजवलेल्या खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (नायसिन भरपूर असलेली वाळवलेल्या यीस्टची भुकटी) मिसळणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. सोबत वाफवून चुरलेले हिरवे मटारही द्यावेत. पिल्लाचा सांधा हाताला गरम किंवा सुजलेला लागत असेल तर घरी प्रयोग करत न बसता त्याला दवाखान्यात न्यावे. सेमिनरी हिल्स येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे नागपूरकरांना ही सोय दूर नाही.

सासूबाईंचा सल्ला प्रेमाचा आहे, पण भात-पोळीवर पिल्लू जगेल, वाढणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे खाद्यात वीस ते बावीस टक्के प्रथिने हवीत, त्यानंतर सोळा ते अठरा टक्के पुरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेअर खाद्य पिल्लांना कधीही देऊ नये. त्यात कॅल्शियम फार असते आणि कोवळ्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. औषध मिसळलेले खाद्य असेल तर पोत्यावरील चिठ्ठी पशुवैद्यकाला दाखवावी, कारण बदके कोंबड्यांपेक्षा जास्त खातात आणि औषधाची मात्राही त्यांच्या पोटात जास्त जाते. भिजवलेले खाद्य दर दोन-तीन तासांनी थोडे-थोडे करावे. आंबलेले खाद्य फेकून द्यावे आणि भांडे घासून वाळवावे.

सर्वांत कळकळीने सांगण्याची गोष्ट बुरशीची आहे. विदर्भात ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरणारी पेंड, घराघरांत असते आणि प्रथिने म्हणून ती पिल्लांपुढे टाकण्याचा मोह होतो. शेंगदाण्याच्या ढेपेवर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते, आणि पाळीव पक्ष्यांमध्ये बदकाचे पिल्लू या विषाला सर्वाधिक बळी पडणाऱ्यांपैकी आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले अचानक मेली, सोबत बदकांची पिल्लेही दगावली. शोध घेतल्यावर मूळ सापडले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेत. अफ्लाटॉक्सिनचा शोध त्या तपासातून लागला. शिजवल्याने किंवा उन्हात वाळवल्याने हे विष जात नाही. त्यामुळे ढेप आणि मक्याचा जुना भरडा या पिल्लांना देऊच नये, आणि तयार खाद्यही थोडे-थोडे आणून कोरड्या डब्यात ठेवावे.

अंगणवेल

आपणा दोघांचे मनापासून आभार. वर्तमानपत्र काढून तूस घातले आहे, आणि साठ वॅटचा बल्ब साखळीने बांधून लावला आहे. त्या पिल्लाचा सांधा दाबून पाहिला, सूज किंवा गरमपणा जाणवत नाही. तरीही उद्या दाखवून आणणार आहे.

आणखी दोन शंका आहेत. मुलांना पिल्ले पाण्यात पोहताना पाहायची आहेत आणि रविवारी त्यांना फुटाळा तलावावर नेऊ या, असा त्यांचा आग्रह आहे. ते कितपत योग्य ठरेल? दुसरे म्हणजे, अंगणातील खुराडे कधी आणि कसे बांधावे? आमच्या भागात मांजरे बरीच आहेत आणि नाल्याकडून मुंगूसही येते.

पाणपक्षी (नागपूर)

मी हौशी पक्षिनिरीक्षक आहे आणि हिवाळ्यात नागपूरच्या तलावांवर नियमित जातो. कृपया पिल्लांना फुटाळा, अंबाझरी किंवा कोणत्याही तलावावर नेऊ नये. या दिवसांत तेथे स्थलांतरित बदके उतरलेली असतात. रानबदके स्वतः आजारी न दिसताही बर्ड फ्लूचा विषाणू बाळगू शकतात आणि तो त्यांच्या विष्ठेतून पाण्यात जातो. हा धोका आपल्या शहराला दूरचा नाही. २०२४ च्या अखेरीस गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मृत्युमुखी पडले आणि तपासणीत त्यांना बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. याउलट, घरची बदके तलावात सोडल्याने तेथील हळदी-कुंकू या रानटी बदकांशी त्यांचा संकर होण्याचाही धोका असतो, आणि रानटी बदकांच्या दृष्टीने ते नुकसानच आहे.

ठिपकेदार पिल्लांविषयी एक खुलासा करतो, कारण पावसाळ्यानंतर तलावाकाठची पिल्ले उचलून विकल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. पिवळ्या अंगावर वेडेवाकडे काळपट ठिपके असतील तर ती पाळीव बदकांतील मिसळ समजावी. हळदी-कुंकू बदकाच्या पिल्लाची पाठ गडद तपकिरी असते, तिच्यावर ठरावीक जागी पिवळे ठिपके असतात आणि डोळ्यातून एक गडद रेघ जाते. अशी रेघ दिसली तर उद्या दवाखान्यात डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी, कारण काही पाळीव जातींची पिल्लेही तशी दिसतात. रानटी पक्षी घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तसे निघाल्यास पिल्लू वन विभागाच्या स्वाधीन करावे. आपण केलेल्या वर्णनावरून मला तशी शक्यता कमी वाटते.

मुलांसाठी घरीच परातीत दीड-दोन इंच कोमट पाणी घ्यावे, एका कडेला वीट ठेवावी म्हणजे पिल्लांना बाहेर चढता येईल, आणि दुपारच्या उन्हाच्या वेळी पाच मिनिटे सोडावे. बाहेर काढल्यावर फडक्याने टिपून बल्बखाली ठेवावे. मुलांनी पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पिल्लांची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतो.

तलावकाठ

खुराड्याविषयी मी लिहितो. पिल्लांना पूर्ण पिसे यायला साधारण सात-आठ आठवडे लागतात, म्हणजे आपली पिल्ले जानेवारीच्या शेवटी रात्री बाहेर राहण्याजोगी होतील. तोपर्यंत दुपारी तासभर अंगणात सोडावे, पण कोणीतरी जवळ बसलेले हवे, कारण मांजराइतकाच धोका घारीचा आणि कावळ्यांचा असतो.

मोठ्या बदकाला रात्रीच्या निवाऱ्यात चार ते पाच चौरस फूट जागा द्यावी. सहांसाठी पाच फूट बाय सहा फूट हे माप सोयीचे पडेल. उंची फार नको, पण साफसफाईसाठी आत वाकून जाता यावे. बदके कोंबड्यांप्रमाणे दांडीवर बसत नाहीत, जमिनीवरच झोपतात, म्हणून सगळा खर्च जमिनीवर करावा. विटा अंथरून एका बाजूला उतार द्यावा आणि वर तुसाचा जाड थर टाकावा. हवेसाठीच्या खिडक्या बदकाच्या डोक्याच्या वर, छताजवळ असाव्यात; जमिनीलगतचा वारा हिवाळ्यात बाधतो आणि वरून हवा खेळली नाही तर विष्ठेचा तिखट वायू डोळ्यांना झोंबतो.

कोंबड्यांची षटकोनी जाळी मुंगसासाठी पुरेशी नाही. मुंगूस आणि मांजर तिच्यातून पंजा घालून पिल्लू ओढतात, आणि घूस खालून जमीन पोखरते. अर्ध्या इंची वेल्डमेश जाळी लावावी, ती जमिनीत फूटभर खाली गाडावी आणि दाराला अशी कडी लावावी की जी धक्क्याने उघडणार नाही. बदके अंधार पडण्याआधी आत घ्यावीत. पुढे माद्या अंडी देऊ लागल्या की सकाळी नऊपर्यंत आतच ठेवाव्यात, कारण बहुतेक अंडी पहाटे ते सकाळच्या वेळात दिली जातात. लवकर सोडले तर ती अंगणभर शोधावी लागतात.

खुराड्याची जागा निवडताना डिसेंबर नव्हे, मे महिना डोळ्यांसमोर ठेवावा. येथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेले पत्र्याचे खुराडे दुपारी भट्टी होते. पूर्वेकडे किंवा झाडाखाली जागा पाहावी, पत्र्यावर तणसाचे छप्पर घालावे आणि उन्हाळ्यात दुपारी डोके पूर्ण बुडेल एवढे पाणी सावलीत ठेवावे. कूलरचा झोत थेट सोडू नये.

पशुवैद्यक_निवृत्त

दोन गोष्टी राहिल्या. बदकांचा प्लेग हा विषाणूजन्य रोग अत्यंत घातक आहे आणि त्याची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. कॉलऱ्याची लस त्याआधी, चौथ्या आठवड्याच्या सुमारास दिली जाते. उद्या दवाखान्यात जाल तेव्हा वय नोंदवून दोन्ही लसींची चौकशी करून ठेवावी, कारण लसीच्या कुपीत अनेक पक्ष्यांची मात्रा एकत्र असते आणि आपल्यासारख्या लहान पालकांना इतरांसोबत तारीख जुळवावी लागते.

दुसरे, सहा-सात आठवड्यांनंतर आवाजावरून नर-मादी ओळखता येऊ लागतात. मादीचा आवाज मोठा आणि स्पष्ट असतो, नराचा घोगरा आणि दबका. नराच्या शेपटीवरची वळलेली पिसे त्यानंतर काही आठवड्यांनी दिसतात. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. सहांत तीन-चार नर निघाले तर माद्यांच्या मानेची पिसे उपटली जातात आणि जखमा होतात, म्हणून जास्तीच्या नरांसाठी चांगले घर तेव्हाच शोधावे. पायाला पट्टी बांधलेल्या पिल्लाला मात्र इतरांपासून एकटे ठेवू नये; एकटे पिल्लू खाणे सोडते. त्याच खोक्यात जाळीचा आडोसा करून शेजारी एक शांत पिल्लू ठेवावे आणि पाणी दोघांच्या चोचीच्या अंतरावर असू द्यावे.